गैरअर्जदार क्रमांक एक

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस घरी येते तेव्हा तिच्यात वर अर्जदारांची नावे असतात: बहुधा एखादी विधवा, तिची मुले, म्हातारे सासू-सासरे. खाली गैरअर्जदार क्रमांक एक म्हणून वाहनाचा मालक, मग चालक आणि शेवटी विमा कंपनी. मागणी वीस, तीस, कधी पन्नास लाखांची असते. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव किंवा घाटंजी तालुक्यातल्या चार एकर कोरडवाहू कपाशीच्या माणसाने हा आकडा वाचला की त्याला एकच प्रश्न पडतो, आता वावर जाणार का?

अपघातग्रस्तांनी भरपाई कशी मागावी यावर मराठीत बरेच लिहिले जाते, आणि ते लिहिलेच पाहिजे. पण ज्याच्यावर दावा झाला त्याने काय करावे हे सांगणारे फारसे कोणी नाही. म्हणून तो वकिलाकडे जाण्याआधी गावातल्या जाणत्या माणसाकडे जातो आणि तिथे त्याला निम्मे खरे, निम्मे खोटे सल्ले मिळतात. त्यांतला सर्वांत घातक सल्ला असा: ‘इन्शुरन्स आहे ना, मग तू कशाला जातो पेशीवर? कंपनी पाहून घेईल.’ माझ्या मते यवतमाळ जिल्ह्यात वाहनमालक बुडतो तो दाव्यामुळे कमी आणि या एका वाक्यामुळे जास्त.

आधी कायद्याची चौकट पाहू. रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाला इजा झाली तर त्याला पैसे मिळालेच पाहिजेत, मग गाडीवाला गरीब असो की श्रीमंत, या विचारातून १९३९च्या मोटार वाहन कायद्यात सक्तीचा विमा आला आणि १ जुलै १९४६पासून तो प्रत्यक्ष लागू झाला. दिवाणी न्यायालयांतली दिरंगाई टाळण्यासाठी १९५६च्या दुरुस्तीने स्वतंत्र न्यायाधिकरणांची सोय केली. आज लागू असलेला कायदा १९८८चा आहे. त्याचे कलम १४६ विमा सक्तीचा करते आणि कलम १६६ खाली दावा दाखल होतो. २०१९च्या दुरुस्तीने त्यात मोठे बदल केले. भरपाईबाबतचे बहुतेक बदल १ एप्रिल २०२२पासून अमलात आले.

या कायद्याखालचा ‘थर्ड पार्टी’ विमा मृत्यू किंवा शारीरिक इजेसाठी अमर्याद असतो. न्यायाधिकरणाने पंचवीस लाख ठरवले तर पंचवीस, सत्तर ठरवले तर सत्तर लाख कंपनीने भरायचे. मालमत्तेच्या नुकसानीला मात्र मर्यादा आहे, मोटारीसाठी साडेसात लाख आणि दुचाकीसाठी एक लाख. विमा चालू असेल आणि त्याच्या अटी पाळलेल्या असतील, तर तुमच्या वावराला हात लागत नाही. हा ‘तर’ मोठा आहे. पुढचा बहुतेक लेख त्याच्याविषयीच आहे.

दाव्यात तुमचे नाव का असते, हे आधी समजून घ्यायला हवे. पुष्कळांना ती नोटीस म्हणजे वैर वाटते. मित्राला गाडीत घेऊन माहूरला देवीच्या दर्शनाला गेलात, परतताना गाडी उलटली, मित्र गेला आणि काही महिन्यांनी त्याच्या बायकोने तुमच्यावर ‘केस टाकली’. दोन घरांचे बोलणे बंद पडते. पण तिला दुसरा रस्ताच नाही. कंपनीची जबाबदारी तुमच्या जबाबदारीतून निघते, त्यामुळे तुम्हाला गैरअर्जदार केल्याशिवाय तिला कंपनीकडून काही मिळू शकत नाही. तुमच्या निष्काळजीपणाबद्दल त्या अर्जात कठोर शब्द असतील, तेही कायद्याच्या गरजेपोटी. अशा वेळी तुम्ही त्या घरी गेलात, पॉलिसीची प्रत स्वतःहून दिलीत, तर दोन्ही घरांचे भले होते. तसे वागणारी माणसे या जिल्ह्यात आहेत. त्यांचे वागणे शहाणपणाचे आहे आणि माणुसकीचेही.

गाडीत बसलेल्यांच्या बाबतीत एक फरक मात्र पक्का लक्षात ठेवावा. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत खासगी मोटारीत बसलेले पाहुणे आणि दुचाकीवर मागे बसलेला माणूस धरलेला नसतो. त्यांना ‘फुल इन्शुरन्स’, म्हणजे पॅकेज पॉलिसी, संरक्षण देते. विमा नियामकाने २००९मध्ये कंपन्यांना हे स्पष्ट बजावले आणि सर्वोच्च न्यायालयाने नंतर त्यावर शिक्का मारला. वर्षाला काही हजार वाचवण्यासाठी साधी पॉलिसी घेणारा माणूस नातेवाइकांना गाडीत बसवून देवदर्शनाला निघतो, तेव्हा त्या सगळ्यांची जोखीम तो स्वतःच्या खिशावर घेत असतो.

जिल्ह्यातले रस्ते या प्रश्नाला खास वळण देतात. पांढरकवड्यावरून नागपूर-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो. उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ, कळंब असा तुळजापूर-नागपूर मार्ग आहे. वणीच्या कोळसा पट्ट्यात अवजड ट्रक दिवसरात्र धावतात. कापूस आणि सोयाबीनच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या त्याच रस्त्यांवर येतात आणि पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवा किंवा परावर्तक पट्टीसुद्धा नसते. दावा अपघाताच्या ठिकाणी, अर्जदाराच्या राहत्या ठिकाणी किंवा गैरअर्जदाराच्या ठिकाणी, कुठेही दाखल करता येतो. त्यामुळे अपघात करंजीजवळ झाला, मृत आदिलाबादचा असला, तर नोटीस तेलंगणातून येऊ शकते. ती परक्या राज्यातली म्हणून बाजूला टाकता येत नाही. जिल्ह्यात यवतमाळच्या जिल्हा न्यायालयाबरोबर पुसद, दारव्हा, पांढरकवडा इथेही ही प्रकरणे चालतात आणि अपील नागपूर खंडपीठात जाते.

पहिल्या चोवीस तासांतच पुढच्या पाच वर्षांचा बराचसा निकाल लागलेला असतो. कलम १३४ सांगते की चालकाने जखमीला दवाखान्यात पोचवायचे, चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवायचे आणि विमा कंपनीला लेखी कळवायचे. जमाव मारायला धावला तर तिथून निघून जाण्याची मुभा कायदाच देतो. मात्र मग थेट जवळचे पोलीस ठाणे गाठले पाहिजे. घाबरून पळालेला चालक आणि ठाण्यात हजर झालेला चालक यांच्याकडे न्यायालय एका नजरेने पाहत नाही. उपचाराच्या खर्चाची भीतीही आता थोडी कमी झाली आहे. केंद्र सरकारने ५ मे २०२५ रोजी अधिसूचित केलेल्या योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार मिळतात.

२०२२च्या नियमांनी पोलिसांना मुदती घालून दिल्या आहेत. पहिला अहवाल ४८ तासांत, तपशीलवार अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे. चालकाने आणि मालकाने आपापली माहिती ठरावीक नमुन्यात तीस दिवसांत द्यायची असते. हा नमुना म्हणजे तुमची बाजू प्रथम कागदावर येण्याची जागा. तो तपासी अंमलदाराकडून मागून घ्या, नीट भरा आणि झेरॉक्स ठेवा.

याच दिवसांत दोन मोह होतात. पहिला, चालक बदलण्याचा. गाडी चालवत होता परवाना नसलेला पुतण्या, पण ठाण्यात उभा केला जातो परवाना असलेला काका. हे फार सर्रास चालते आणि फार वाईट रीतीने अंगाशी येते. जखमीचा जबाब, पेट्रोल पंपावरचा कॅमेरा, मोबाइलचे लोकेशन, दवाखान्यातली नोंद, यांतली एक गोष्ट उलटी पडली की कंपनी लबाडीचा मुद्दा घेते. मग विमाही जातो आणि खोट्या पुराव्याचा गुन्हा वेगळाच. मुलगा अल्पवयीन असेल तर २०१९नंतर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंडाची तरतूद आहे. ती टाळण्याचा उपाय अपघाताआधी, किल्ली हातात देतानाच करायचा असतो.

दुसरा मोह आपसात मिटवण्याचा. सरपंच किंवा पोलीस पाटील बसतात, लाख-दीड लाख ठरतात, मुद्रांकावर लिहून होते. यातली माणुसकी मला मान्य आहे. मयताच्या घरी तेराव्यापर्यंत चूल पेटावी म्हणून दिलेले पैसे कधीच वाया जात नाहीत. पण त्या कागदाने दाव्याचा हक्क संपेल असे धरून चालू नये. अज्ञान मुलांचा हिस्सा असेल तर मुळीच नाही. शिवाय कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करू नये, देण्याचे वचन देऊ नये, अशी अट प्रत्येक पॉलिसीत असते. मदत करा, अगदी मोकळ्या हाताने करा. ‘चूक माझी, सगळे मी देतो’ असे मात्र लिहून देऊ नका.

फौजदारी प्रकरण समांतर चालते. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. किरकोळ इजेच्या प्रकरणात ‘गुन्हा कबूल कर, दंड भर, मोकळा हो’ असा सल्ला मिळतो. तो कबुलीजबाब पुढे दाव्यात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून येतो, हे सांगायला कोणी थांबत नाही. उलट फौजदारी खटल्यात निर्दोष सुटलात म्हणून दावा आपोआप फेटाळला जात नाही, कारण न्यायाधिकरण शक्यतेच्या पारड्यावर निर्णय देते.

आता नोटीस आल्यावरची गोष्ट. नोटिशीवर पेशीची तारीख असते. त्या तारखेला वकीलपत्र दाखल झाले नाही आणि पुढे लेखी जबाब आला नाही, तर प्रकरण तुमच्याविरुद्ध एकतर्फी चालते. कंपनीचा वकील तिथे हजर असतो, हे खरे. पण तो कंपनीचा वकील आहे. कायद्याने कंपनीला मोजकेच बचाव दिले आहेत: चालकाकडे वैध परवाना नव्हता, परमिटचा भंग झाला, गाडी दारू पिऊन चालवली, विमा घेताना माहिती लपवली, हप्ता मिळालाच नाही. यांतला प्रत्येक बचाव थेट मालकाच्या विरोधात जातो. कंपनी ‘चालकाकडे परवाना नव्हता’ म्हणते, तेव्हा खिशातला परवाना काढून दाखवणारा माणूस न्यायालयात नसेल, तर ते खोडून कोण काढणार?

याचा परिणाम ‘आधी द्या, मग वसूल करा’ या आदेशात दिसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४च्या स्वर्णसिंह निकालापासून ही पद्धत पक्की झाली. अटींचा भंग झाला तरी रस्त्यावर मेलेल्याच्या घरच्यांनी का भोगावे, म्हणून कंपनीने आधी त्यांना पैसे द्यायचे आणि नंतर मालकाकडून वसूल करायचे. अर्जदारांच्या दृष्टीने हा न्याय उत्तम आहे. मालकासाठी मात्र तो दोन-तीन वर्षांनी दार ठोठावतो, तेव्हा निवाड्यावर अपिलाची मुदतही उलटून गेलेली असते. निवाड्याची रक्कम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४मध्ये आहे. सातबाऱ्यावर बोजा चढण्याची भीती खरी ठरते ती इथे. तरी त्याच स्वर्णसिंह निकालात मालकाला आधारही आहे: भंग मालकाने जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणाने केला हे सिद्ध करण्याचे ओझे कंपनीवर आहे. चालक ठेवताना परवाना पाहिला होता, तो खरा वाटला, माणूस नीट गाडी चालवत होता, एवढे शपथेवर सांगणारा मालक वाचू शकतो. सांगायला मात्र जावे लागते.

परवान्याबाबत एक मोठा दिलासा अलीकडचा आहे. छोटा हत्ती, पिकअप, प्रवासी ऑटो चालवणाऱ्यांकडे साधा हलक्या मोटार वाहनाचा परवाना असे आणि ‘ट्रान्सपोर्ट’ची वेगळी नोंद नाही म्हणून कंपन्या हात वर करत. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ठरवले की एकूण वजन साडेसात हजार किलोंपर्यंतचे मालवाहू किंवा प्रवासी वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. खेड्यापाड्यांतल्या हजारो चालक-मालकांच्या डोक्यावरची टांगती तलवार त्याने काढली. तुमच्यावरच्या जुन्या प्रकरणात हा मुद्दा असेल तर वकिलाला त्याची आठवण करून द्या.

मालवाहू गाडीत माणसे नेण्याबाबत मात्र कायदा कडक आहे आणि या जिल्ह्याचे दुखणे नेमके तिथे आहे. वऱ्हाड पिकअपमध्ये जाते, कापूस वेचणाऱ्या बाया ट्रॉलीत बसून वावरात जातात, पोहरादेवीच्या यात्रेला ट्रक भरून निघतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२च्या आशा राणी निकालापासून मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांनाच संरक्षण आहे. ट्रॅक्टरची पॉलिसी शेतीकामापुरती असते आणि मडगार्डवर बसलेला माणूस तिच्यात येत नाही. २००७मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात वीटभट्टीच्या कामावरचा मजूर ट्रॅक्टरवरून पडून जबर जखमी झाला होता. काम शेतीचे नव्हते म्हणून कंपनीची जबाबदारी नाही असे ठरले. मजूर फार गरीब म्हणून न्यायालयाने कंपनीला आधी पैसे द्यायला लावले, पण वसुली मालकाकडूनच. ट्रॉलीत वीस बाया बसलेल्या असतात तेव्हा मालक वीस घरांची जोखीम ओढत असतो आणि ती पेलण्याची ताकद जिल्ह्यातल्या कोणत्याही सामान्य शेतकऱ्यात नाही. यावर न्यायालयात उपाय नाही. उपाय गावात आहे: मजुरांसाठी प्रवासी गाडी भाड्याने घेणे, त्याचा खर्च मजुरीत धरणे. बायांच्या जिवापुढे तो खर्च काहीच नाही.

विकलेल्या गाडीचा प्रश्नही तितकाच जुना. यवतमाळच्या बाजारात मोटारसायकल विकली, पैसे घेतले, हस्तांतराच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या. पुढे ती गाडी तीन हात फिरली आणि दिग्रसजवळ कुणाला तरी धडकली. नोटीस पहिल्या मालकाला, कारण एमएच-२९च्या, म्हणजे यवतमाळ परिवहन कार्यालयाच्या, नोंदीत अजून त्याचेच नाव. सर्वोच्च न्यायालयाने २०१८च्या नवीनकुमार निकालात हे स्पष्ट केले की नोंदीत ज्याचे नाव तोच कायद्याने मालक. विक्रेत्याने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. गाडी देताना दोघांनी मिळून ऑनलाइन हस्तांतर पूर्ण करून मगच किल्ली द्यावी. नोटीस आलीच असेल तर विक्रीची चिठ्ठी, पैसे मिळाल्याचा पुरावा, खरेदीदाराचा पत्ता घेऊन त्याला प्रकरणात पक्षकार करून घ्यायला सांगा. विमा चालू असेल तर बोजा बहुधा कंपनीवरच राहतो.

विमाच नसेल तर परिस्थिती बिकट होते. सप्टेंबर २०१८पासून नव्या मोटारीला तीन आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. ती पाच वर्षे संपली की नूतनीकरणाची आठवण कोणाला राहत नाही आणि खेड्यातल्या असंख्य मोटारसायकली मग ‘इन्शुरन्स फेल’ अवस्थेतच धावतात. अशा गाडीने अपघात केला तर पुरेशी हमी दिल्याशिवाय ती सुपूर्तनाम्यावर सुटत नाही. तीन महिन्यांत हमी दिली नाही तर तिचा लिलाव होऊन पैसे न्यायाधिकरणात जमा होतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्येच सर्व राज्यांना तसे नियम करायला सांगितले होते. गाडीच्या किमतीपलीकडची सगळी रक्कम मालकाने भरायची. आणि हे सगळे टाळणारा हप्ता फार मोठा नसतो: १ जून २०२२पासूनच्या दरांत ७५ ते १५० सीसीच्या मोटारसायकलचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता ७१४ रुपये होता.

मागितलेल्या आकड्याने घाबरू नये, पण मिळणारा आकडा कसा निघतो ते कळावे. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांनी हिशेब ठरवून दिला आहे. समजा मृत ३२ वर्षांचा, स्वतःची शेती-मजुरी करणारा, महिना १२,००० मिळवणारा होता. घरी बायको, दोन मुले, आई. चाळिशीच्या आतला म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून १६,८००. वर्षाचे २,०१,६००. चार आश्रित म्हणून स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले १,५१,२००. त्याला वयानुसार १६ने गुणायचे: २४,१९,२००. शिवाय सहवासाच्या हानीचे प्रत्येकी ४८,४०० आणि संपदाहानी व अंत्यविधीचे १८,१५० प्रमाणे, हे २०२३च्या वाढीनंतरचे आकडे. एकूण २६,४९,१००, त्यावर दाव्याच्या तारखेपासून व्याज. पन्नास लाखांची मागणी इथे येऊन थांबते. उत्पन्न, वय, आश्रितांची संख्या आणि मृताची स्वतःची चूक, या चार जागी वाद घालता येतो. खऱ्या मुद्द्यावर घालावा. मृताच्या बायकोची उलटतपासणी केवळ तिला रडवण्यासाठी करणारा वकील मला कधीही पटलेला नाही.

तडजोडीचा मार्ग २०१९नंतर रुंद झाला आहे. कंपनीच्या नियुक्त अधिकाऱ्याने माहिती मिळाल्यापासून तीस दिवसांत देकार द्यायचा आणि तो मान्य झाला तर न्यायाधिकरण नोंद करून प्रकरण मिटवते. चूक कोणाची हा वाद न घालता मृत्यूसाठी पाच लाख, गंभीर इजेसाठी अडीच लाख घेण्याचा पर्याय कलम १६४मध्ये आहे. राष्ट्रीय लोक अदालतीत ही प्रकरणे मोठ्या संख्येने मिटतात. मालकाने तिथे एकच गोष्ट पाहायची: रक्कम कंपनी देणार आणि मालकाविरुद्ध वसुलीचा हक्क राखून ठेवलेला नाही, हे तडजोडीच्या मसुद्यात स्पष्ट लिहिलेले आहे का. तेवढे वाचल्याशिवाय सही करू नये.

निवाडा विरुद्ध गेला तर नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. ज्याला पैसे द्यायचे आहेत त्याने पंचवीस हजार किंवा निम्मी रक्कम, यांतली कमी असेल ती आधी भरायची. निवाड्याची प्रत निकालाच्या आठवड्यातच मागून घ्यावी.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून पेशीला न जाणारे बरेच आहेत. त्यांना हे कळले पाहिजे की मोफत वकील फक्त अर्जदारालाच नाही, गैरअर्जदारालाही मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. अर्ज यवतमाळच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा आपल्या तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीत करायचा. नोटीस, आरसी, पॉलिसी आणि परवान्याची प्रत घेऊन पेशीच्या तारखेआधी तिथे जा.